भातलावणी यंत्राचे भाडे : गणित एकरांचे आणि दिवसांचे

महाड आणि पोलादपूर या रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाच्या दोन तालुक्यांत जुलै महिना उजाडला की एकच विवंचना घरोघर असते, ती म्हणजे लावणीला माणसे कोठून आणायची. पाऊस वेळेवर पडतो, राबातली रोपे तयार होतात, चिखलणी होते. पण वाकून आवण लावणारे हात मिळत नाहीत. गावातील कर्ता पुरुष पूर्वीपासूनच मुंबईला. मागे राहिलेल्या तरुणांना महाडच्या औद्योगिक वसाहतीतील पाळी शेतातील चिखलापेक्षा साहजिकच बरी वाटते. सावड किंवा इर्जिक करून एकमेकांची शेते लावून देण्याची पद्धत घराघरांतील माणसे कमी झाल्याने विरळ होत चालली आहे. परिणामी लावणी लांबते, आणि लावणी होणार नाही म्हणून खाचरे पडीक ठेवण्याकडे कल वाढतो.

या अडचणीवर भातलावणी यंत्राचा तोडगा सुचवला जातो. २०१४-१५ पासून राबवल्या जाणाऱ्या केंद्राच्या कृषी यांत्रिकीकरण उपअभियानात वैयक्तिक शेतकऱ्याला यंत्रासाठी ४० ते ५० टक्के, तर अवजारे भाड्याने देणाऱ्या केंद्राला ४० टक्के अनुदानाची तरतूद करण्यात आली. सप्टेंबर २०२५ मध्ये शेती अवजारांवरील वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. त्यामुळे यंत्र घ्यावे, आपली शेती लावावी आणि उरलेल्या दिवसांत ते भाड्याने द्यावे, असा विचार बचतगट, उत्पादक कंपन्या आणि गावाकडे परतू पाहणारे तरुण करू लागले तर नवल नाही. प्रश्न एवढाच, की हा व्यवहार पैशाच्या हिशेबात बसतो काय?

स्थिर खर्चाचे ओझे

उत्तर शोधण्यासाठी एक नमुना हिशेब मांडता येईल. चालकाने मागून चालत चालवायचे, चार ओळींचे यंत्र तीन लाख रुपयांना मिळाले असे धरू. आयुष्य आठ वर्षे आणि शेवटी दहा टक्के किंमत उरेल असे मानले, तर वार्षिक घसारा ३३,७५० रुपये होतो. सरासरी भांडवलावर दहा टक्के व्याज १६,५०० रुपये, विमा व निवारा यांसाठी किमतीच्या दोन टक्के म्हणजे ६,००० रुपये. एकूण ५६,२५० रुपये. यंत्र एक एकर चालो वा शंभर एकर, हा खर्च चुकत नाही. ४० टक्के अनुदान मिळाले, तर याच हिशेबाने तो ३३,७५० रुपयांवर येतो.

आता चालू खर्च. सपाट जमिनीवर दिवसाला दोन एकर लावणी झाली, तर चालक व मदतनीस यांची मजुरी एकरी ६०० रुपये, इंधन ३००, दुरुस्ती ३०० आणि यंत्राची ने-आण ३०० असे १,५०० रुपये धरता येतात. भाडे एकरी ३,५०० रुपये आकारले, तर एकरामागे २,००० रुपये हाती राहतात. म्हणजे विनाअनुदान यंत्राला नुसता खर्च भरून काढण्यासाठी हंगामात २८ एकरांहून थोडे अधिक, तर अनुदानित यंत्राला सुमारे १७ एकर लावणी मिळालीच पाहिजे.

हे आकडे जागोजागी थोडेफार बदलतील. तथापि त्यांचा रोख बदलणार नाही. नफा-तोटा ठरतो तो हंगामात किती एकर पदरात पडले यावर, आणि एकरांची ही संख्या यंत्राच्या ताकदीपेक्षा पाऊस, जमीन व रोप या तिघांच्या हाती असते.

महाडचे सपाट, पोलादपूरचे उतार

लावणीचा काळ जूनअखेर ते जुलैअखेर, फार तर चार-पाच आठवड्यांचा. त्यातून मुसळधार पावसाचे दिवस वजा करावे लागतात, कारण यंत्राला खाचरात दोन ते पाच सेंटिमीटर एवढेच पाणी चालते. पाणी जास्त झाले की कोवळी रोपे तरंगतात. चिखलणीनंतर चिखल बसण्यासाठीही एखाद-दोन दिवस थांबावे लागते. एवढे सगळे वजा जाता पंधरा दिवसांचे काम हाती आले, तरी हंगाम चांगला म्हणायचा.

महाड तालुक्यातील सावित्री, गांधारी व काळ नद्यांच्या काठच्या सपाट पट्ट्यात पंधरा दिवसांत तीस एकर होऊ शकतात. तेथे विनाअनुदान यंत्राला जेमतेम ३,७५० रुपये सुटतात. अनुदानित यंत्राला २६,२५० रुपये. पोलादपूरचे चित्र याहून वेगळे आहे. सह्याद्रीच्या कुशीतील या तालुक्यात शेती उतारावर, पायरीपायरीने उतरत जाणारी. दोन-तीन गुंठ्यांचे खाचर, त्याला दगडी बांध, शेजारच्या खाचरात जायला वाट नाही. दीडशे किलोच्या पुढचे यंत्र बांधावरून उचलून नेण्यात आणि वळवण्यात निम्मा दिवस जातो. कोपरे तर हातानेच लावावे लागतात. दिवसाला एकच एकर झाला, तर त्या एकरावर मजुरीचे १,२०० रुपये पडतात. इंधन ४००, दुरुस्ती ३०० व वाहतूक ५०० धरली, तर चालू खर्च २,४०० रुपये होतो आणि एकरामागे १,१०० रुपयेच उरतात. बारा दिवसांत बारा एकर लावले, तर १३,२०० रुपये मिळतील, आणि अनुदानित यंत्राचाही स्थिर खर्च ३३,७५० रुपये आहे. वर्षाकाठी वीस हजारांहून अधिक तोटा पदरी येईल.

एकच योजना, एकच यंत्र आणि एकच अनुदान. पण शेजारच्या दोन तालुक्यांत निकाल उलटसुलट. यंत्रासाठी अर्ज करण्यापूर्वी आपल्या परिसरात सलग, सपाट व रस्त्यालगतची जमीन किती आहे, याची मोजदाद करणे म्हणूनच अगत्याचे ठरते. महाराष्ट्रात शेतकऱ्यामागे सरासरी धारणक्षेत्र २०१५-१६ च्या कृषिगणनेनुसार १.३४ हेक्टर होते. कोकणात ते क्षेत्रही अनेक तुकड्यांत आणि सामाईक सातबाऱ्यात विभागलेले असते. तीस एकरांचे काम म्हणजे येथे तीस ग्राहक नव्हेत. ते पन्नास-साठही असू शकतात.

यात एक विसंगतीही आहे. यंत्राला सर्वाधिक मानवणारी नदीकाठची जमीन हीच पुराचीही जमीन आहे. २२ जुलै २०२१ रोजी महाड शहर व परिसर पुराखाली गेला आणि त्याच दिवशी तळिये येथे दरड कोसळून ऐंशीहून अधिक माणसे दगावली. ती तारीख भर लावणीच्या दिवसांतली. अशा वर्षी लावलेली शेते वाहून जातात, ग्राहकाकडून भाडे वसूल होत नाही आणि तळघरात ठेवलेले यंत्रही गाळात जाते. त्यामुळे विम्याचा खर्च वाचवण्याचा मोह येथे धोक्याचा आहे.

भाडे वाढवता का येत नाही?

खर्च भागत नसेल तर भाडे वाढवावे, असे शहरी वाचकाला वाटणे स्वाभाविक आहे. परंतु भाड्याला वरून टोपण आहे, ते मजुरीचे. रोपे उपटण्यापासून लावण्यापर्यंत एकरी चौदा मजूर आणि ४०० रुपये मजुरी धरली, तर हाताने लावणीचा खर्च ५,६०० रुपये होतो. यंत्रासाठी ३,५०० रुपये भाडे आणि खास रोपवाटिकेचे सुमारे १,८०० रुपये मिळून ५,३०० रुपये. शिवाय नांगे भरायला एक-दोन माणसे लागतातच. म्हणजे दोन्ही खर्च जवळपास सारखेच. २०२५-२६ च्या खरिपासाठी साधारण भाताचा हमीभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. एकरी चौदा क्विंटल उत्पादन धरले, तर ढोबळ उत्पन्न ३३ हजारांच्या आसपास जाते, आणि त्यातला सहावा हिस्सा लावणीच खाते. यापेक्षा अधिक भाडे हे पीक सोसू शकत नाही.

शेतकऱ्याला यंत्रातून पैशाची मोठी बचत होत नाही. त्याला मिळते ती वेळेवर झालेली लावणी. घरच्या माणसांनी आणि सावडीने लावणी करणाऱ्याला तर रोख रक्कम मोजावीच लागत नाही. यंत्र मात्र रोख मागते. ज्याच्याकडे हात नाहीत, पण मुंबईहून पैसे येतात, असे घर हा या व्यवसायाचा खरा ग्राहक होय.

रोप हाती, तर हंगाम हाती

यंत्राचे भाडे फायद्यात आणणारी किल्ली रोपवाटिकेत आहे. कोकणातील राबाची रोपे तीन आठवड्यांची किंवा त्याहून मोठी झाल्यावर उपटून, मुळे धुऊन, मुठी बांधून लावली जातात. अशी रोपे यंत्र स्वीकारीत नाही. त्याला ट्रेमध्ये किंवा प्लॅस्टिकच्या कागदावर, मातीच्या पातळ थरात दाट वाढवलेली, चटईसारखी उचलता येणारी पंधरा ते वीस दिवसांची रोपे लागतात. जुलैमध्ये मजूर मिळेनात म्हणून ऐनवेळी यंत्र बोलावणे शक्य होत नाही. निर्णय जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, बियाणे भिजवण्यापूर्वीच घ्यावा लागतो. तेव्हा बहुतेक शेतकरी अजून मजुरांच्या भरवशावर असतात. यंत्र दारात आणि रोपे मात्र राबातली, ही स्थिती आली की भाड्याचा धंदा बुडाला.

जपानमध्ये १९७० च्या दशकात ही यंत्रे झपाट्याने पसरली, ती खोक्यांत रोपे वाढवण्याचे तंत्र बसल्यानंतरच. तेथील सहकारी संस्थांनी सामुदायिक रोपकेंद्रे चालवली आणि शेतकऱ्याला तयार रोपे पुरवली. महाड परिसरातही यंत्रमालकाने निव्वळ यंत्र न देता रोपांसह लावणीची सेवा एकरी दराने दिली, तर गणित सुधारते. एक हेक्टरला साधारण एक गुंठा चटई रोपवाटिका पुरते. तीस एकरांना बारा गुंठे. ती पाच टप्प्यांत, चार-पाच दिवसांच्या अंतराने पेरली, तर दर टप्प्याला सहा एकरांची रोपे योग्य वयाची होत जातात आणि यंत्राला रिकामा दिवस राहत नाही. आगाऊ नोंदणीची रक्कम घेतल्याने ग्राहकही बांधला जातो. जोखीमही अर्थातच मालकाकडे येते. पावसाने ओढ दिली किंवा यंत्र बंद पडले, तर रोपे वय ओलांडतात. चार दिवस यंत्र बंद राहिले तर आठ एकर, म्हणजे १६ हजार रुपये गेले. २६ हजारांची शिल्लक दहा हजारांवर आली. त्यामुळे सुटे भाग आणि कारागीर जवळपास असणे, हे यंत्राच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरा मार्ग हंगाम वाढवण्याचा. महाडपासून पंचवीस-तीस किलोमीटरवरील माणगाव आणि त्यापुढच्या रोहा तालुक्यात, भिरा वीजगृहातून बाहेर पडणाऱ्या पाण्याच्या कालव्याखाली उन्हाळी भात घेतला जातो. त्या लावणीत पाऊस नसतो आणि पाणी कालव्याचे असते, म्हणजे यंत्राला हवी तशी परिस्थिती. तेथे पंधरा एकर जरी मिळाले, तरी सुमारे तीस हजारांची भर पडते. मात्र ती कालव्याला पाणी सुटण्यावर अवलंबून आहे.

पोलादपूरने काय करावे?

पोलादपूरसारख्या डोंगराळ भागात भाड्याचा व्यवसाय करायचाच, तर लावणी यंत्राऐवजी पॉवर टिलर, तण काढणारे छोटे यंत्र आणि मळणी यंत्र यांचा विचार आधी व्हावा. एखादा पॉवर टिलर चिखलणीलाही चालतो आणि भातानंतर वालाच्या मशागतीलाही. स्थिर खर्च जितक्या अधिक दिवसांवर वाटला जाईल, तितका भाड्याचा दर परवडतो. लावणीच टाळण्याचा पर्यायही जिल्ह्यातच आहे. नेरळचे शेतकरी चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा राइस तंत्रात गादीवाफ्यावर बियाणे टोकले जाते. चिखलणी व लावणी दोन्ही लागत नाहीत. तणनियंत्रण काटेकोरपणे करावे लागते, ही त्याची अट. या पद्धतीचा प्रसार जेथे होईल, तेथे लावणी यंत्राचा ग्राहक कमी होईल. आठ वर्षांचे आयुष्य धरून कर्ज काढणाऱ्याने हे लक्षात घेतले पाहिजे.

अनुदानाची रक्कम खरेदी व तपासणी झाल्यावर खात्यात जमा होते, हेही विसरून चालणार नाही. तोवर पूर्ण किमतीचे कर्ज आणि त्याचे व्याज मालकाच्या डोक्यावर असते, आणि पहिला हप्ता पहिल्या पावसाळ्याची वाट पाहत नाही.

सारांश, महाडच्या सपाट पट्ट्यात, अनुदान मिळवून, रोपांसह सेवा देणाऱ्याला हा व्यवसाय परवडतो. पण जोडधंदा म्हणून, उपजीविका म्हणून नव्हे. मालकाने स्वतः यंत्र चालवले, तर वर्षाची शिल्लक आणि पंधरा दिवसांची मजुरी मिळून हातात येणारी रक्कम एका साध्या नोकरीच्या दोन-तीन पगारांएवढी भरेल. पोलादपूरच्या उतारांवर तेवढेही नाही. शासनाला ही खाचरे पडीक पडू द्यायची नसतील, तर किती यंत्रे वाटली यापेक्षा किती एकर वेळेवर लावले गेले यावर अनुदान मोजावे लागेल, आणि त्यातील काही वाटा रोपकेंद्रांकडे वळवावा लागेल. अन्यथा यंत्रे शेडमध्ये आणि शेते गवतात, अशीच स्थिती राहील.