बाळ ठणठणीत, रिपोर्ट मात्र 'पॉझिटिव्ह'!

परवा दोन महिन्यांच्या बाळाला घेऊन आई-बाबा आले. नाक चोंदलं म्हणून कुठेतरी नाकातला स्वॅब तपासला होता. रिपोर्टमध्ये न्यूमोकोकस. "डॉक्टर, हा न्यूमोनियाचा जंतू ना? मग अँटिबायोटिक लिहून द्या." बाळाला ताप नाही, धाप नाही, दूध मजेत पीत होतं. मी अँटिबायोटिक दिलं नाही. बाबा नाराज झाले, पण माझं मत तेच आहे: बाळावर उपचार करायचे, रिपोर्टवर नाही.

जन्मल्यापासून काही तासांतच बाळाच्या नाका-घशात जंतू मुक्काम करू लागतात. सुरुवातीला बहुधा आईच्या त्वचेवरचे स्टॅफिलोकोकस, पुढे कॉरिनेबॅक्टेरियम, मोराक्सेला वगैरे. अंगावर पिणाऱ्या बाळांमध्ये कॉरिनेबॅक्टेरियम जास्त आढळतो आणि अशा बाळांना श्वसनाचे आजार कमी होतात, असं नेदरलँड्समधल्या अभ्यासांत दिसलं. न्यूमोकोकस येतो तो बहुतेकदा घरातल्या मोठ्या भावंडांकडून. तमिळनाडूतल्या एका अभ्यासात दोन महिन्यांच्या निम्म्याहून अधिक बाळांच्या नाकात तो सापडला. ही सगळी बाळं आजारी नव्हती!

मग काळजी अजिबातच नको का? तसंही नाही. डेन्मार्कमध्ये एक महिन्याच्या 321 बाळांच्या घशातला स्राव तपासला. लक्षणं नसतानाही 21 टक्के बाळांमध्ये न्यूमोकोकस, हिमोफिलस किंवा मोराक्सेला होते आणि त्यांच्यात पाच वर्षांपर्यंत दम्याचं प्रमाण जास्त निघालं. पण या सगळ्या बाळांच्या आयांना दमा होता. शिवाय जंतूंमुळे दमा झाला की दम्याकडे झुकणाऱ्या बाळातच ते जंतू लवकर रुजले, हे यावरून ठरत नाही. आधीच अँटिबायोटिक दिल्याने दमा टळतो, असं तर त्यातून मुळीच निघत नाही. उलट औषधाने निरुपद्रवी जंतू मरतात आणि औषधाला न जुमानणारे मागे राहतात.

करायचंच असेल तर अंगावर पाजा, घरात विडी-सिगारेट आणि चुलीचा धूर नको, सर्दी झालेल्या माणसाने (आजी-आजोबा रागावले तरी!) बाळाचे पापे घेऊ नयेत. न्यूमोकोकल लस सरकारी केंद्रांत मोफत मिळते: दीड महिना, साडेतीन महिने आणि नववा महिना.

श्वास मोजायला मात्र शिका. बाळ शांत असताना पूर्ण मिनिटभर मोजा. दोन महिन्यांच्या आत 60 किंवा जास्त, त्यानंतर वर्षापर्यंत 50 किंवा जास्त, छाती आत ओढली जाणं, दूध सोडणं, किंवा तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ताप: यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.