पुरस्कार नकोत, पहिली ऑर्डर द्या

चंदीगड, मोहाली आणि पंचकुल्यातील मराठी बंधुभगिनींनो,

स्वच्छ ऊर्जेच्या बाबतीत आपल्या चंदीगड शहराने पुष्कळ करून दाखवले आहे. सेक्टर 39 च्या वॉटरवर्क्सच्या पाण्यावर 2000 किलोवॅटचा तरंगता सौर प्रकल्प जानेवारी 2023 मध्ये सुरू झाला, धनास तलावावर 500 किलोवॅटचा आहे. एक कनाल, म्हणजे 500 चौरस यार्ड, आणि त्याहून मोठ्या भूखंडावर सौर संच बसवण्याची सक्ती 2016 मध्येच झाली. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली, आणि तीन किलोवॅटच्या संचाला 78,000 रुपये अनुदान मिळू लागले. या सगळ्याचा हिशेब किलोवॅटमध्ये मांडला जातो. या कामांतून किती छोटे उद्योग उभे राहिले आणि किती बुडाले, हे मात्र कोणी विचारत नाही. आम्ही ते विचारतो आहोत.

एका कोठीच्या छतावरचे काम जवळून पाहा. मालक बयाणा देतो. ठेकेदार पॅनेल आणि इन्व्हर्टर रोखीने उचलतो, कारण घाऊक व्यापारी नवख्याला उधारी देत नाही. दोन फिटर आणि एक वेल्डर मे महिन्याच्या उन्हात छतावर चढतात. जिन्यावरच्या ममटीची सावली दुपारी कुठवर येते ते बघतात, पाण्याच्या टाक्या चुकवून सांगाडा उभा करतात, खाली अंगणात अर्थिंगचा खड्डा घेतात. तीन-चार दिवसांत काम पुरे होते. त्यानंतर नेट मीटरसाठी थांबा, तपासणीसाठी थांबा, अनुदानासाठी थांबा. अनुदान जमा होते मालकाच्या खात्यात, आणि ते हाती पडेपर्यंत शेवटचा हप्ता द्यायचा नाही असे अनेक मालकांचे ठरलेलेच असते. अशी चार-पाच छते एकाच वेळी अडकली की पुढच्या कामाचे पॅनेल घ्यायला गल्ल्यात पैसा उरत नाही. हातात काम आहे, कामात नफा आहे, आणि तरीही धंदा बसतो. संच घेणाऱ्या घरमालकाला बँक आज विनातारण, स्वस्त कर्ज देते. तोच संच बसवणाऱ्याकडे खेळत्या भांडवलासाठी घराचे कागद मागितले जातात. हा उलटा न्याय आहे.

कायदा या छोट्या ठेकेदाराच्या बाजूने आहे, म्हणून तर राग येतो. 22 फेब्रुवारी 2024 च्या केंद्रीय वीज ग्राहक हक्क नियमांनुसार 10 किलोवॅटपर्यंतच्या छतावरील संचाला तांत्रिक व्यवहार्यतेचा अभ्यास लागत नाही, आणि संच चालू करून देण्याची मुदत 30 दिवसांवरून 15 दिवसांवर आणली आहे. 2006 चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा सांगतो की छोट्या उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त 45 दिवसांत द्या, नाही तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज द्या. पण ज्या सरकारी खात्याकडून उद्या पुन्हा काम मिळवायचे, त्याच खात्यावर दावा कोण लावणार? छोटा माणूस गप्प बसतो आणि खेटे घालतो. म्हणून आमची मागणी अशी, की व्याज मागावे लागू नये. 46 व्या दिवशी ते बिलात आपोआप चढले पाहिजे. मीटरच्या मुदतीचे म्हणाल, तर शहराची वीजवितरण व्यवस्था 1 फेब्रुवारी 2025 पासून खासगी कंपनीकडे गेली आहे. सरकारी बरे की खासगी, या वादात आम्हाला आज शिरायचे नाही. किती अर्ज आले आणि कितव्या दिवशी मीटर लागला, एवढे दर महिन्याला जाहीर करा.

आता टेंडरबद्दल. तीन वर्षांची उलाढाल दाखवा, आधी केलेल्या कामाचे दाखले जोडा, अनामत भरा. पहिले काम मिळाल्याशिवाय दाखला नाही, आणि दाखल्याशिवाय पहिले काम नाही. केंद्र सरकारनेच स्टार्टअप आणि लघुउद्योगांसाठी उलाढाल आणि अनुभव या दोन अटी शिथिल करण्याची मुभा 2016 मध्ये दिली आहे. केंद्राची खाती आणि कंपन्या यांनी 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघु उद्योगांकडून करावी, असे धोरणही आहे. चंदीगड हा केंद्रशासित प्रदेश. दिल्लीचे धोरण इथे पाळले जायचे नाही, तर कुठे पाळायचे? मोठ्या सौर कारखान्यांसाठी पीएलआय या उत्पादन-प्रोत्साहन योजनेत 24,000 कोटी रुपये ठेवले, त्याबद्दल तक्रार नाही. मात्र त्या कारखान्यातून निघालेले पॅनेल शेवटी इंडस्ट्रियल एरियातल्या चार माणसांच्या गाळ्यातूनच छतावर जाते. सेक्टरनिहाय छोटी टेंडरे काढा आणि उलाढालीची अट काढून टाका.

छोटे लोक कच्चे काम करतात आणि पळून जातात, असा आक्षेप येईल. काहीजण करतात, हे आम्ही नाकारत नाही. पण त्यावर इलाज आहे कामाची कडक तपासणी, आणि सूर्यघर योजनेतल्या पाच वर्षांच्या देखभालीच्या अटीची खरीखुरी अंमलबजावणी. पॅनेल 25 वर्षे छतावर राहणार आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात शेतांत भाताची पराली जळते तेव्हा त्यावर काजळी बसते, वादळात क्लॅम्प सैल होतो, माकडे केबल ओढतात. तेव्हा स्कूटरवरून अर्ध्या तासात पोहोचणारा माणूस लागतो. तो आज जगला तर तेव्हा येईल.

मोठ्याकडे सोपवले की काम पक्के, हा समजही या शहराने भोगला आहे. शहराच्या कचऱ्यावर प्रक्रिया करणारा प्रकल्प 2008 पासून एकाच कंपनीकडे होता. 2020 मध्ये महापालिकेला तो ताब्यात घ्यावा लागला आणि दादूमाजराचा ढीग तिथेच राहिला. याउलट, डॉ. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेने शेणाऐवजी स्वयंपाकघरातल्या खरकट्यावर चालणारे, गच्चीत मावणारे बायोगॅस संयंत्र महाराष्ट्रात घरोघरी नेले, आणि 2006 मध्ये त्यासाठी त्यांना लंडनचे अ‍ॅश्डेन पारितोषिक मिळाले. सेक्टर 26 च्या भाजी मंडीत, हॉटेलांत, वसतिगृहांत असली संयंत्रे बसवणारे आणि सांभाळणारे किती छोटे उद्योग उभे राहू शकतील!

संशोधकांची व्यथा याहून वेगळी नाही. सेक्टर 30 मधील सीएसआयओ, पेक, पंजाब विद्यापीठ यांच्या प्रयोगशाळांत बुद्धीची वाण नाही. स्पर्धा होतात, धनादेश मिळतो, फोटो छापून येतो. नंतर पाण्याविना पॅनेल पुसणारे यंत्र घेऊन बक्षीस मिळवलेला तरुण दहा छते शोधत फिरतो आणि त्याला एकही मिळत नाही. प्रशासनाकडे शाळांची, दवाखान्यांची, कार्यालयांची शेकडो छते आहेत. त्यातली काही एक वर्षासाठी चाचणीला द्या, आकडे जाहीर करा, आणि यंत्र खरे उतरले तर पहिली खरेदी प्रशासनानेच करावी. हे या शहराला अशक्य नाही. सार्वजनिक बांधकाम खात्यातले रस्ता निरीक्षक नेकचंद यांनी सरकारी जमिनीवर गुपचूप, विनापरवाना रॉक गार्डन उभारली होती. प्रशासनाने ती पाडली नाही. 1976 मध्ये ती लोकांसाठी खुली केली, नेकचंदांना पगार दिला आणि हाताखाली 50 मजूर दिले.

आपल्यापैकी काहीजण सेक्टर 9 च्या सचिवालयात आहेत, काही सेक्टर 17 च्या बँकांत, काही लष्करात, काही प्रयोगशाळांत. ज्यांच्या टेबलावरून बिल जाते त्यांनी ते त्याच आठवड्यात पुढे सरकवावे. ज्यांनी छतावर संच बसवला त्यांनी अनुदानाची वाट न पाहता शेवटचा हप्ता काम तपासून लगेच द्यावा. चंदीगडचा वीजदर ठरवणारा संयुक्त वीज नियामक आयोग गोव्याचाही आहे. तिथल्या नातलगांना हे पत्रक पाठवा. आयोगाची पुढची जनसुनावणी जाहीर होईल तेव्हा मीटरच्या मुदतीचा प्रश्न लेखी द्या, आणि शक्य असेल त्यांनी स्वतः उभे राहून विचारा.

— चंदीगडमधील काही मराठी नागरिक