गोठलेल्या मोदकाचं वकीलपत्र

गोठवलेल्या मोदकाच्या बाजूने बोलणारा कर्जतमध्ये मी एकटाच पुरुष असेन. बायका पुष्कळ आहेत, पण त्या बोलत नाहीत. गोठवतात आणि गप्प बसतात. मी बी.कॉम. झालेला आणि गेली वीस वर्षं बँकेच्या काउंटरवर लोकांची बोलणी खाल्लेला माणूस, मला कसली भीती? तेव्हा आज सांगूनच टाकतो. उकडीचे मोदक चतुर्थीच्या आधीच्या रविवारी करावेत, फ्रीझरमध्ये ठेवावेत आणि चतुर्थीला वाफवून वाढावेत. ज्याला हे पटत नसेल त्याने पहाटे चारला उठून उकड मळावी. मी अडवणार नाही. उलट ताट घेऊन हजर राहीन.

आमचे एक काका आहेत, खोपोलीला असतात. त्यांच्या मते फ्रीज हे शिळ्याला प्रतिष्ठा देण्याचं यंत्र आहे. मी हा विषय काढला तेव्हा ते झोपाळा थांबवून म्हणाले, "गणपतीला बर्फातला मोदक? उद्या भटजींनाही फ्रीझरमध्ये ठेव, ऐन वेळी मिळत नाहीत." काकांनी जन्मात एक मोदक वळलेला नाही. मोदकाला कळ्या असतात हे त्यांना ठाऊक आहे, कारण खाण्यापूर्वी ते मोजतात आणि अकराच्या खाली भरल्या तर काकूंकडे बघतात.

आता शिळ्याचंच म्हणाल, तर आपल्याइतकं शिळं प्रेमाने खाणारी माणसं कुठे असतील? फोडणीचा भात आदल्या रात्रीच्या भाताचाच लागतो. ताज्या भाताला फोडणी घालून बघा, लापशी होते. शिळ्या पोळीचा कुस्करा हा तर राष्ट्रीय नाश्ता व्हायला हरकत नाही. आणि श्रावणातली शिळासप्तमी? त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, आदल्या दिवशीचं खायचं. तेही धर्म म्हणून! म्हणजे देवीला शिळं चालतं आणि आमच्या काकांना चालत नाही.

बरं, गणपतीला लागतात एकवीस मोदक. ते आम्ही चतुर्थीला सकाळी ताजेच करतो, तिथे माझी काही तक्रार नाही. पण आमच्या घरी होतात एकशे वीस. उरलेले नव्व्याण्णव म्हणजे गणपतीला जामीन ठेवून आम्ही काढलेलं कर्ज आहे. हप्ते कोण फेडतं, ते खाली सांगतो.

माझी आई एकटी एकशे वीस करायची. उकड गरम असतानाच मळावी लागते. गार झाली की पारीला चिरा जातात. म्हणजे तळहात भाजून घेणं हे त्या पाककृतीतच लिहिलेलं आहे. आई शेजारी गार पाण्याचं पातेलं ठेवायची आणि मधून मधून हात बुडवायची. आम्ही पुरुष आणि पोरं पहिल्या पंगतीला. "गरम आण गं!" असा वडिलांचा आवाज माजघर ओलांडून जायचा. एका बैठकीला मी चौदा खाल्ल्याची घरात नोंद आहे. दुपारी साडेतीनच्या सुमाराला आई स्वयंपाकघरात पाट न घेताच खाली बसायची. स्टोव्ह विझलेला, वाटीतलं तूप थिजलेलं, आणि मोदकपात्रात फुटलेले तीन-चार उरलेले. ते ती खायची. ताज्या मोदकाची परंपरा ज्या घरात एवढ्या निष्ठेने पाळली, त्या घरात ताजा मोदक कधी न खाल्लेलं माणूस एकच होतं. हे माझ्या डोक्यात यायला मला लग्न करावं लागलं.

आमची ही नोकरीला मुंबईला जाते. कर्जतहून सीएसएमटी सुमारे दोन तास, आणि तेवढेच परत. तिने पहिल्याच वर्षी सांगितलं, "रजा एक दिवसाची आहे आणि हातही दोनच आहेत." मी ताबडतोब उपाय सुचवला. आदल्या संध्याकाळी मोदक करून, वाफवून, स्टीलच्या डब्यात एकावर एक रचून फ्रीजच्या मधल्या फळीवर ठेवले. दुसऱ्या दिवशी मायक्रोवेव्हमध्ये फिरवून वाढले. माझ्या चुलतभावाने घास घेतला आणि बराच वेळ कोणाशी बोलला नाही. आम्हाला वाटलं, भाविक झाला. तो चावत होता. धाकट्या भाच्याने एक मोदक फरशीवर टाकून पाहिला. दोन टप्पे पडले.

तेव्हापासून काका विजयी मुद्रेने वावरतात. पण दोष गोठवण्याचा नव्हताच; आम्ही गोठवलंच कुठे होतं? तांदळाचं पीठ उकडलं की त्यातलं पिष्ट पाणी पिऊन फुगतं, सैल होतं. गार झालं की तेच पिष्ट पेन्शनच्या दिवशीच्या म्हाताऱ्यांसारखं पुन्हा रांगेत उभं राहायला लागतं आणि आत घेतलेलं पाणी बाहेर ढकलतं. रात्रीचा भात सकाळी टणक होतो तो यामुळेच. ही रांग सगळ्यांत भराभर लागते ती शून्याच्या जरा वर, चार-पाच डिग्रीला, म्हणजे नेमकी फ्रीजच्या फळीवर! उणे अठराला ती जवळजवळ जागच्या जागी थांबते. शत्रू फ्रीझर नव्हे, त्याचा खालच्या मजल्यावरचा भाडेकरू.

आणि तो मायक्रोवेव्ह. १९४५ साली पर्सी स्पेन्सर नावाच्या अमेरिकन इंजिनिअरच्या खिशातली चॉकलेटची वडी रडारच्या यंत्राजवळ उभं राहिल्याने वितळली, त्यातून ही भट्टी निघाली. त्याच्या खिशात मोदक असता तर ती निघालीच नसती. उघड्या पारीतलं उरलंसुरलं पाणीही ती उडवते.

दुसरा अमेरिकन मात्र कामाचा निघाला. क्लॅरेन्स बर्ड्सआय हा पहिल्या महायुद्धाच्या सुमारास कॅनडातल्या लॅब्राडॉरला होता. तिथल्या कडाक्यात पाण्याबाहेर काढलेला मासा बघता बघता गोठायचा, आणि कित्येक दिवसांनी शिजवला तरी ताजा लागायचा. झटकन गोठलं की बर्फाचे कण बारीक राहतात. हळूहळू गोठलं की मोठे होतात आणि पदार्थ आतून फाडतात. म्हणून आता आम्ही वाफवलेले मोदक निवले की लगेच, तास-दीड तासाच्या आत, ताटात सुटे सुटे मांडतो. एकमेकांना शिवू देत नाही. ताटच फ्रीझरमध्ये ठेवतो आणि दगड झाले की डब्यात भरतो. चतुर्थीला ते वितळवत बसायचं नाही, कारण वितळताना पुन्हा ती चार डिग्रीची रांग आडवी येते. थेट मोदकपात्रात, खाली हळदीचं पान, झाकणाला फडकं, बारा-पंधरा मिनिटं दणदणीत वाफ. रांग मोडते. नव्व्याण्णवातले आठ-दहा उलतात, हे मी शपथेवर कबूल करतो. ते मला वाढतात. आईचा वारसा एवढाच मी चालवतो.

एकदा बाहेर काढून उरलेले मात्र परत आत ठेवू नयेत. मोडलेली मुदत ठेव त्याच व्याजाने पुन्हा मिळत नाही, हे मी रोज कोणाला तरी समजावतो.

काकांचा शेवटचा मुद्दा असतो: "आणि वीज गेली म्हणजे?" वास्तविक विजेचा इतिहास आमच्या दाराशी आहे. टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र १९१५ सालचं, भिवपुरीचं १९२२ सालचं. घाटावरचं पाणी नळांतून खाली उतरतं आणि खालापूर-कर्जतमध्ये त्याची वीज होते. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. आमच्या आळीत पावसात आंब्याची फांदी तारेवर पडली की मेणबत्ती शोधायची. पण अंधार झाला म्हणून फ्रीझर लगेच वितळत नाही. दार बंद असेल आणि आत गच्च भरलेलं असेल तर पुष्कळ तास दम धरतो. बुडतो तो दर दहा मिनिटांनी दार उघडून "वितळलंय का रे?" म्हणणाऱ्यांमुळे. घाबरलेले ठेवीदार चांगली बँकसुद्धा बुडवतात.

गेल्या वर्षी गणपतीच्या दुसऱ्या दिवशी खोपोली लोकलने डबा घेऊन काकांकडे गेलो. पळसदरी, केळवली, डोलवली, लौजी... खोपोलीला उतरलो तरी मोदक दगडच होते. काकांनी डब्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "आमच्याकडे ताजे होतात," असं म्हणून त्यांनी आत आवाज दिला. काकूंनी वाफाळते मोदक आणले. काकांनी कळ्या मोजल्या, तूप ओतलं, डोळे मिटले. "याला म्हणतात मोदक! नाही तर तुमचं ते बर्फाचं."

मोदक खरोखरच उत्तम होते. मी निमूटपणे चार खाल्ले आणि ताटली ठेवायला आत गेलो. काकूंचा फ्रीझर उघडा होता. आत तीन डबे, प्रत्येकावर चिठ्ठी: 'मटार'. भाद्रपदात एवढा मटार!

"सहा वर्षं झाली," काकू हळूच म्हणाल्या. "गुडघे ऐकत नाहीत रे. आणि ताटाला आधी तूप पुसत जा. मोदक काढताना बूड फाटत नाही."

हे छापायला मी काकूंची परवानगी विचारली. त्या म्हणाल्या, खुशाल छाप. काका म्हणे माझे लेख वाचत नाहीत. त्यांना ते शिळे वाटतात.