विश्लेषण: ‘नॅचरल ग्लो’ देणारं क्रीम किडनीवर कसं उठतं?

‘मेकअप केलाय असं वाटायलाच नको’ हा सध्याचा ट्रेंड आहे. रील मुंबईत बनते, पण ती मेहकर तालुक्यातल्या डोणगावातही त्याच दिवशी दिसते. ट्रेंडमध्ये वाईट काही नाही. अडचण येते ती ‘नॅचरल दिसणं’ आणि ‘रंग उजळणं’ एकच समजल्यामुळे.

अकोल्यात काय घडलं होतं?

बुलढाण्याला लागून असलेल्या अकोल्यातलं एक प्रकरण 2023 मध्ये समोर आलं. एका विद्यार्थिनीने स्थानिक ब्युटिशियनकडून क्रीम घेतलं. चेहरा उजळला म्हणून आई आणि बहीणही तेच लावू लागल्या. काही महिन्यांत तिघींनाही किडनीचा त्रास सुरू झाला. मुंबईच्या केईएम रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा क्रीममध्ये पारा आढळला.

पारा क्रीममध्ये कशासाठी?

त्वचेला रंग देणारं मेलॅनिन तयार होण्याची प्रक्रिया पारा रोखतो. त्यामुळे काही आठवड्यांतच फरक दिसतो. पण तो त्वचेतून रक्तात जातो आणि किडनीत साठतो. किडनीची गाळणी बिघडली की प्रथिनं लघवीतून बाहेर पडतात. लघवीला फेस येणं, पाय किंवा डोळ्यांभोवती सूज येणं ही त्याची लक्षणं. केरळमधल्या मलप्पुरम जिल्ह्यातही डॉक्टरांना असेच रुग्ण आढळले होते.

कायदा काय सांगतो?

भारताच्या सौंदर्यप्रसाधन नियम, 2020 नुसार नकळत मिसळलेला पारा 1 पीपीएमपेक्षा, म्हणजे दहा लाख भागांत एका भागापेक्षा, जास्त चालत नाही. डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी वेगळी मर्यादा आहे. मिनामाता करारातील देशांनी 2023 मध्ये पारा मिसळलेली सगळी सौंदर्यप्रसाधनं 2025 पर्यंत बंद करायचं ठरवलं. तरीही बिनलेबलची डबी हातोहात विकली जाते, तिची तपासणी होत नाही.

खरेदी करताना काय पाहावं?

• उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, मुदत आणि घटकांची यादी. आयात मालावर नोंदणी क्रमांकही हवा.
• ‘कॅलोमेल’, ‘मर्क्युरिक’ किंवा ‘मर्क्युरस’ असे शब्द दिसले तर घेऊ नका. ‘दागिन्यांना लागू देऊ नका’ ही सूचनाही धोक्याची खूण आहे.
• ‘सात दिवसांत गोरेपणा’ असा दावा असेल तर दूरच राहा.
• बीटामेथासोन, क्लोबेटासोल, मोमेटासोन ही स्टेरॉइड्स आहेत. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय लावू नका.

मग रोजचा साधा मेकअप कसा असावा?

चेहरा धुऊन मॉइश्चरायझर लावा. विदर्भाच्या उन्हात किमान एसपीएफ 30 चं सनस्क्रीन हवंच. फाउंडेशन हवं असेल तर शेड मनगटावर नाही, जबड्याच्या कडेला लावून दिवसाच्या उजेडात पाहा. त्वचेत मिसळून जाते ती तुमची शेड. एक शेड उजळ घेतली तर चेहरा राखाडी दिसतो. वर काजळ आणि लिप बाम पुरे.

चांगला मेकअप रात्री धुतला की निघून जातो. जे क्रीम त्वचेचा मूळ रंगच बदलतं, ते आत काय करतंय हे विचारायलाच हवं. असं क्रीम वापरत असाल तर आजच थांबवा, डबी घेऊन डॉक्टरांकडे जा आणि लघवीची तपासणी करून घ्या. तक्रार अन्न व औषध प्रशासनाकडे करता येते.