कच्च्या चिकनची भरपाई : दोनशे रुपयांचं कूपन!

मंडळी, पोस्ट लांब आहे. तरी वाचा, कारण बायपासवरच्या त्या मार्टात दर रविवारी आपलं अर्धं गाव ट्रॉली ढकलत असतं.

आधी प्रकरण काय ते सांगतो. गावातल्या एका एसटी वाहकाच्या घरचं आहे. नाव देऊ नका, असं त्यांनीच सांगितलंय. मार्टचंही नाव देत नाही, कारण प्रकरण आता आयोगाकडे निघालंय आणि तिथं काय बोलायचं ते कागद बोलतील. गेल्या महिन्यात एका रविवारी संध्याकाळी त्यांनी तयार खाण्याच्या काउंटरवरून तंदुरी तंगडीचे दोन बॉक्स घेतले. हाताला गरम, वरून छान करपलेले डाग. घरी येऊन लगेच ताटात वाढले. दहा वर्षांच्या मुलीनं एक आख्खी संपवली, दुसरीचा लचका तोडला आणि म्हणाली, "पप्पा, हे आतून गार आहे." बघितलं तर आतलं मांस बुळबुळीत, ओढलं तरी हाडापासून सुटेना.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. हाडाजवळ लालसर दिसलं म्हणजे चिकन कच्चंच, असं नसतं. ब्रॉयलर कोंबडी कोवळी असते, हाडातला रंग मांसात उतरतो आणि नीट शिजलेलं मांसही तिथं गुलाबी दिसू शकतं. रंगावरून मी कुणावर आरोप करणार नाही. पण बाहेरून चटका आणि आतून गार, हा रंगाचा प्रश्न नव्हे. कोंबडीचं मांस आतल्या गाभ्यापर्यंत साधारण 74-75 अंश सेल्सिअस तापलं तर ते सुरक्षित मानतात. जीभ गार म्हणते तिथं 75 अंश कुठून येणार?

मंगळवारी पहाटे मुलीला ताप भरला, पोटात कळा आणि जुलाब सुरू झाले. दोन दिवस दवाखान्यात सलाईन. बिल आठ हजार चारशे. वडिलांच्या दोन ड्युट्या बुडाल्या, त्या वेगळ्या.

आता मार्टमधला संवाद ऐका. मी बुधवारी त्यांच्यासोबत गेलो होतो, म्हणजे ऐकीव नाही.

"सर, बिल आहे का?"

बिल होतं.

"सर, घरी नेल्यावर परत गरम केलं होतं का?"

पाटीवर काय लिहिलंय? 'रेडी टू ईट'. म्हणजे तयार, उघडा आणि खा. परत शिजवायचं असेल तर तसं लिहा ना! मग आमच्या बायाबापड्या बाजारातून कच्चं आणून घरीच शिजवतील, तुमच्या दुप्पट दरानं कशाला घेतील?

"सर, रविवारी खाल्लं आणि मंगळवारी त्रास झाला. मध्ये दुसरं काहीतरी खाल्लं असेल."

हे उत्तर सगळीकडे देतात आणि ते ऐकून आपली माणसं गप्प बसतात. कारण आपणही तसंच समजतो, शेवटचं जे खाल्लं ते बाधलं. वैद्यकशास्त्र तसं म्हणत नाही. अर्धवट शिजलेल्या कोंबडीतून येणाऱ्या साल्मोनेला जंतूचा त्रास सहा तासांपासून सहा दिवसांपर्यंत कधीही सुरू होऊ शकतो. कॅम्पायलोबॅक्टर म्हणून दुसरा एक आहे, तो साधारण दोन ते पाच दिवस घेतो. रविवारचं मंगळवारी बाधणं यात विचित्र काहीच नाही. म्हणूनच असं झालं की डॉक्टरांना आधीच्या चार दिवसांत काय काय खाल्लं ते सांगा, केसपेपरवर लिहून घ्यायला सांगा आणि शक्य असेल तर शौचाची तपासणी करून घ्या. या मुलीच्या केसपेपरवर 'बाहेरील अर्धवट शिजलेले चिकन' असं डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी लिहिलेलं आहे. वकिलाच्या नोटिशीपेक्षा ती ओळ भारी आहे.

शेवटी मॅनेजर आतून एक कूपन घेऊन आले. दोनशे रुपयांचं. खाली बारीक अक्षरात, 'एक हजार रुपयांच्या किमान खरेदीवर'. म्हणजे तुमची मुलगी आमच्यामुळे आजारी पडली, तर भरपाई घ्यायला आधी आमच्याकडेच हजार रुपये मोजा! आणि कूपनसोबत सही करायला एक कागद. त्यावर छापलेलं : माझ्या तक्रारीचे पूर्ण समाधान झाले असून यापुढे माझी कोणतीही मागणी राहणार नाही. वाहकसाहेबांनी सही केली नाही. हजारो तिकिटं फाडलेला माणूस आहे, कागद वाचल्याशिवाय हातात घेत नाही.

आणखी एक झालं, ते मला जास्त लागलं. त्या रविवारी काउंटरवर असलेल्या पोराला दुसऱ्या दिवसापासून घरी बसवलं. कंत्राटी पोरगं, शेजारच्या वाडीतलं. तो सांगतो, माल बाहेरून गोठवलेला येतो, वितळायला वेळ द्यायचा असतो, पण रविवारी रांग लागली की "काढ, काढ" एवढंच ऐकू येतं. गोठलेला तुकडा थेट भट्टीत गेला की वरचा भाग करपतो आणि आतला वितळण्यातच वेळ खातो, हे स्वयंपाक करणारी कुठलीही बाई सांगेल. आत घालून तापमान बघायची सुई मिळते, तीही काही सोन्याची नसते. ती काउंटरवर नव्हती. मग दोष पोराचा की सुई न देणाऱ्यांचा? पोराला काढलं म्हणजे कारवाई झाली, असं मार्टनं मानू नये. आम्ही तर मानणारच नाही.

दिवाळीच्या तोंडावर आपल्याकडे काय होतं ते आठवा. खव्याच्या पाट्या जप्त, छोट्या हलवायाच्या दुकानात पंचनामा, दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो. कारवाई व्हायलाच हवी, त्याबद्दल तक्रार नाही. पण स्टँडवरच्या वडापाववाल्याच्या गाडीवर असं घडलं असतं, तर गावानं गाडी उलटी केली असती. इथं एसी आहे, काचेचं दार आहे, युनिफॉर्म आहे, म्हणून आपण आवाज खाली करून "सर, जरा बघता का" म्हणतो. (या मार्टच्या जाहिराती गावातल्या सगळ्या साप्ताहिकांना मिळतात, आमच्याही. ही पोस्ट वाचून पुढची येणार नसेल तर न येऊ दे.)

आता कायदा. माझं म्हणणं सोडा, पुस्तकात काय आहे ते बघू.

अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006. त्याचं कलम 65 असं की, विकलेल्या अन्नामुळे ग्राहकाला इजा झाली तर विकणाऱ्याला भरपाई द्यायला लावता येते. मृत्यू झाला तर किमान पाच लाख, गंभीर इजा असेल तर तीन लाखांपर्यंत, इतर इजेसाठी एक लाखापर्यंत. आणि ही रक्कम घटनेपासून सहा महिन्यांच्या आत दिली पाहिजे, असंही तिथंच लिहिलंय. हे कलम आपल्या गावात कुणी वापरल्याचं माझ्या ऐकण्यात नाही.

त्याच कायद्याचं कलम 40 वाचून मात्र मी हसलो. ग्राहकाला फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासणी करून घेता येते आणि दोष निघाला तर फी परत मिळते. वा! पण अट काय? तपासून घेणार आहे, हे विकत घेतानाच दुकानदाराला सांगायचं. म्हणजे काउंटरवर म्हणायचं, "दादा, दोन तंगडी द्या, एक खाणार आणि एक प्रयोगशाळेत नेणार." असा ग्राहक बघितलाय कुणी? तंगडी कच्ची आहे हे चावल्यावर कळतं हो, पैसे देताना नाही. कायदा करणाऱ्यांनी एकदा रविवारी रांगेत उभं राहून बघावं.

अन्न सुरक्षा अधिकाऱ्याकडे तक्रार केली तर तो नमुना घेऊ शकतो. पण तो बसतो जिल्ह्याला. तो येईपर्यंत तंगडी कुठली आणि काउंटर कुठला? तरी तक्रार करायचीच. तुमची तंगडी गेली तरी त्यांची भट्टी, फ्रीज, तापमानाच्या नोंदी आणि परवाना तिथंच असतो, तो तपासता येतो. परवान्याचा 14 आकडी नंबर 1 जानेवारी 2022 पासून बिलावर छापणं बंधनकारक आहे. आज घरी जाऊन आपापली बिलं बघा, आहे का ते. आणि बिलाचा फोटो त्याच दिवशी काढून ठेवा, त्या कागदावरची छपाई उडत जाते.

समजा, बिल हरवलं. तरी घाबरू नका. बिल करताना ते दर वेळी तुमचा मोबाईल नंबर मागतात ना? पॉइंट जमा करतात ना? मग तुम्ही काय, कधी, किती वाजता घेतलं, ते त्यांच्या संगणकात आहे. ऑफरचे मेसेज पाठवताना आमची ओळख पटते आणि तक्रार घेऊन गेलो की बिलाशिवाय आम्ही कोण?

दुसरा कायदा ग्राहक संरक्षणाचा, 2019चा. खरा रस्ता हाच. विकलेल्या मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात एक रुपयाही फी नाही. वकील लावलाच पाहिजे असं नाही. दुकान कुठलंही असो, तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते, मुदत दोन वर्षं, अर्ज ऑनलाइन जातो. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली तर बऱ्याचदा कंपनीचं मुख्य कार्यालय जागं होतं. खालचा मॅनेजर सहसा नाही. आणि मार्टला तोंडी काही सांगू नका. साध्या कागदावर अर्ज लिहा, पोच घ्या, पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा.

मॅनेजरनी एक मुद्दा असाही काढला की बिल वडिलांच्या नंबरवर, आजारी मुलगी, मग ग्राहक कोण? साहेब, या प्रश्नाचं उत्तर फार जुनं आहे. 1928 साली स्कॉटलंडमधल्या पेस्ली गावात एका बाईला मैत्रिणीनं जिंजर बिअर घेऊन दिली आणि बाटलीत कुजलेली गोगलगाय निघाली. पैसे मैत्रिणीचे, आजारी ही. खटला लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि 1932 साली तिथं ठरलं की, वस्तू बनवणाऱ्याची जबाबदारी ती शेवटी वापरणाऱ्यापर्यंत जाते. आपल्या कायद्यात तर स्पष्टच आहे, विकत घेणाऱ्याच्या संमतीनं वापरणाराही ग्राहक. बापानं वाढलं आणि लेकीनं खाल्लं, याहून वेगळी संमती कुठली हवी?

आता आपल्यातल्या शहाण्यांबद्दल. माझ्या परवाच्या छोट्या पोस्टखाली एकानं लिहिलं, "आठ हजारांसाठी एवढं? ही तर खंडणी." खंडणी म्हणजे धमकी देऊन उकळलेले पैसे. इथं दवाखान्याचं बिल आहे, बुडालेला पगार आहे, दोन दिवस हाताला सुई टोचून पडलेलं पोर आहे. त्यांनी मागितलेली रक्कम पंचवीस हजार आहे. त्यांच्या एका रविवारच्या गल्ल्यात ती कुठे दिसणारही नाही. दुसऱ्यानं लिहिलं, "आम्ही शाकाहारी, आम्हाला काय." दादा, त्याच काउंटरवर राजमा-राईसही मिळतो. राजम्यात मुळातच एक विष असतं, ते दहा मिनिटं खळाखळा उकळल्याशिवाय जात नाही. अर्धवट शिजलेला राजमा चार-पाच दाणे खाल्ला तरी ओकाऱ्या सुरू होऊ शकतात. शाकाहारी म्हणून भट्टी तुम्हाला वेगळी वागणूक देत नाही.

सध्याची स्थिती अशी. मार्टला लेखी अर्ज गेला, त्याला तेरा दिवस झाले, उत्तर नाही. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार दिलीय, पोच आहे. आयोगाचा अर्ज सोमवारी दाखल होतोय. एकाच प्रकारची तक्रार असलेले अनेक ग्राहक आयोगाच्या परवानगीनं एकत्र अर्ज करू शकतात. म्हणून सांगतो, गेल्या दोन महिन्यांत त्या काउंटरवरचं खाऊन कुणाच्या घरी असं झालं असेल, तर बिल, केसपेपर आणि असतील तर फोटो मला मेसेजमध्ये पाठवा. कमेंटमध्ये नको, तिथं मॅनेजरही वाचतात. नाव गुप्त ठेवीन.

आणि मॅनेजरसाहेब, तुम्ही वाचताय हे माहीत आहे. तुमची बाजू लिहून पाठवा, काना-मात्रा न बदलता याच भिंतीवर टाकेन. त्यात एवढं मात्र लिहा, त्या रविवारी भट्टीचं तापमान किती होतं आणि त्याची नोंद कुठल्या वहीत आहे?