मांडव आमराईत, फुले बँकॉकची!

दिवाळीचे दिवे विझतात न विझतात तोच घरोघर तुळशीची लग्ने लागतात. त्या लग्नाचा थाट जरा डोळ्यांपुढे आणा. मांडव उसाचा, कारण ऊस त्याच दिवसांत उभा असतो. वृंदावनात चिंचा, आवळे, बोरे, कारण झाडांना तेव्हा तीच धरलेली असतात. भोवती झेंडू आणि शेवंती, कारण शेतात तेव्हा त्यांचाच बहर असतो. प्रत्यक्ष विष्णू नवरदेव, पण त्याच्यासाठीही कोणी परमुलखातून फुले मागवीत नाही. अंगण जसे आणि ऋतू जसा, तसे लग्न.

मग देवांनी मुहूर्ताचे दार उघडून दिले की माणसांची लग्ने सुरू होतात. त्यांच्या मांडवात शिरून पाहावे तो थायलंडची जांभळी ऑर्किडे, हॉलंडचे ट्यूलिप, आणि ज्यांना ती परवडत नाहीत त्यांच्याकडे त्याच फुलांची प्लास्टिकची पिल्ले! मार्गशीर्ष असो की वैशाख, नागपूर असो की मालवण, मांडव मात्र सगळीकडे एकच. फोटो दाखवला तर नवरानवरीलासुद्धा आपले लग्न कोणते ते चेहऱ्यावरूनच ओळखावे लागेल, मांडवावरून नव्हे.

बंदिस्त कार्यालयात हे चालले असते तर मी तक्रार केली नसती. चार भिंती आणि पंखे यांना कसलाच स्वभाव नसतो; तिथे कागदाची फुले लावली काय आणि सोन्याची लावली काय. पण आता लग्ने कार्यालयाबाहेर पडली आहेत. ‘निसर्गाच्या सान्निध्यात’ असे पत्रिकेवर छापून ती अलिबागच्या किनाऱ्यावर, लोणावळ्याच्या कड्याशी, कर्जतच्या नदीकाठी, गोव्याच्या वाळूत आणि कोकणातल्या आमरायांत जाऊन लागतात. जागेसाठी लोक मागेल ते भाडे मोजतात. आणि एकदा भाडे मोजून झाले की त्या जागेचा एक तसूभरही भाग दिसू नये म्हणून पुन्हा तेवढेच पैसे सजावटवाल्याला देतात! याला हौस म्हणायचे की वेड?

वेंगुर्ल्याकडच्या अशाच एका आमराईत वैशाखातल्या लग्नाला जाण्याचा योग आला होता. झाडांवर उतरवायचे राहिलेले आंबे लोंबत होते. गड्ग्याच्या कडेने कुड्याची पांढरी फुले गळून सडा पडला होता. आणि या सगळ्याकडे पाठ करून, तारा आणि खिळे आंब्यांच्या बुंध्यांत ठोकून, फुलांची एक बारा हात उंच भिंत उभी केली होती. तिच्यातली निम्मी फुले कापडाची होती. उरलेली खरी होती, ती दुपारच्या उकाड्याने माना टाकून बसली होती. आमराईत शिंपणे करणारा म्हातारा माझ्या शेजारी उभा होता. तो हळूच म्हणाला, ‘‘झाडार आंबे आसत, मगे ह्यो पडदो कित्याक लायलो?’’ या प्रश्नाचे उत्तर त्या मांडवात कोणाजवळही नव्हते. ते आजही कोणी मला दिलेले नाही.

आपल्या आजीपणजीला सजावटीचे शास्त्र कोणी शिकवले नव्हते. पण जागेशी जुळते घेण्याची अक्कल तिच्याजवळ होती. लग्नाची सुरुवातच मुळी झाडापासून व्हायची. मुहूर्तमेढीला आंब्याचे डहाळे बांधायचे. देवक पाहा: कोणाचे पंचपालवी, कोणाचे कळंब. ज्या झाडाशी कुळाचे नाते, त्याची डहाळी मांडवात आणून पुजल्याशिवाय लग्नाला हात लावायचा नाही. म्हणजे वऱ्हाड यायच्या आधी शिवारातल्या झाडाला आमंत्रण! दारी केळीचे खांब, ते पाण्याने भरलेले, म्हणून उन्हातही दिवसभर ताठ राहणारे. आंब्याच्या पानांचे तोरण, कारण ते पान जाड, सुकले तरी चुरगळून लोंबत नाही. गोरज मुहूर्ताला मोगरा, कारण त्याच्या कळ्या संध्याकाळीच उमलतात आणि बोहल्यावर अंतरपाट दूर होतो त्या वेळी सुगंध ऐन भरात असतो. निशिगंधाच्या तर नावातच रात्र आहे. यात नुसती रूढी नव्हती. कोणते फूल कुठे, किती वेळ आणि कोणत्या घटकेला शोभते याचा पिढ्यांनी केलेला तो हिशेब होता.

तो हिशेब आजच्या जागांनाही लागू पडतो. समुद्रकाठ घ्या. दुपार कलली की तिथे वारा सुटतो. उंच कमानींवर नाजूक पाकळ्यांची फुले लावली तर तासाभरात त्या पाकळ्या पाहुण्यांच्या जेवणात येतात. तिथे कामाची विणलेली नारळाची झावळी, दाट गुंफलेली अबोली आणि केवड्याचे कणीस. कारण ती त्याच खाऱ्या वाऱ्यात वाढलेली असतात. दक्षिण कोकणात चैत्राच्या सुमारास सुरंगी फुलते. तिच्या वळेसराचा एक पदर नवरीच्या केसांत असला तर मांडवभर अत्तर शिंपडायची गरज नाही. घाटावर कड्याशी लग्न असेल तर दरी हीच भिंत. तिच्यासमोर दुसरी उभारू नये. फुले हवीत ती खाली, पायाशी, वाटेच्या दोन्ही कडांना, म्हणजे नजर वर जायला मोकळी राहते. वडाखाली लग्न असेल तर वडाला सजवू पाहणे म्हणजे हत्तीला पैंजण घालणे. बोहल्यापुरता रंग भरावा आणि बाकीचे वडावर सोपवावे.

देशावर मार्गशीर्षात लग्न निघाले तर शेतात शेवंती असते, आणि पुढे पौष सरून माघ लागला की ज्वारीच्या कणसांत दाणे भरलेले असतात. कणसांची जुडी पितळी घागरीत उभी केली तर कोणते परदेशी गवत तिच्यापुढे टिकेल? फाल्गुनात विदर्भातली राने पळसाने पेटलेली असतात. अशा वेळी मांडवात फिक्या गुलाबी फुलांचे ढीग ओतणाऱ्याला बाहेरचे दिसतच नाही असे म्हणावे लागेल. आणि चैत्र-वैशाखात, म्हणजे ऐन लग्नसराईत, बहाव्याचे पिवळे घोस आणि ताम्हणाची जांभळी फुले झाडांवर असतात. ताम्हण तर महाराष्ट्राचे राज्यपुष्प! जांभळ्या रंगासाठी बँकॉकचे विमान कशाला हवे? जिथे ताम्हण उभा आहे तिथेच त्याच्यासमोर बोहले घालावे. फूल तोडावेही लागत नाही.

आता आक्षेपांकडे वळू. कोणी बहुश्रुत गृहस्थ म्हणतील, ‘‘तुमचा झेंडू तरी कुठला इथला? तो मेक्सिकोकडून आलेला. निशिगंधही तिकडचाच. देवळापुढचा पांढरा चाफासुद्धा अमेरिका खंडातला.’’ अगदी खरे. पण माझा वाद फुलाच्या जन्मदाखल्याशी नाहीच. झेंडू पाहुणा म्हणून आला, इथल्या मातीत रुजला, इथल्या पावसात वाढला, आणि आज दसऱ्याला त्याच्यावाचून आपले चालत नाही. तो घरचा झाला. विमानातून बर्फात गुंडाळून आणलेले आणि रात्री बारा वाजता कचऱ्याच्या गाडीत गेलेले फूल घरचे कधी व्हायचे? प्रश्न कुठून आले हा नाही. इथल्या उन्हात जगते की नाही, हा आहे.

दुसरा आक्षेप पैशाचा. ‘‘हौसेला मोल नाही. मुलीचे लग्न एकदाच होते. आमचे पैसे, आम्ही उधळू.’’ उधळा ना! पण कोणाच्या अंगणात उधळता एवढे पाहा. वसईची माणसे पहाटेच्या लोकलने मोगरा, सोनचाफा, जास्वंद घेऊन दादरच्या बाजारात येतात. पुणे जिल्ह्यात झेंडू-शेवंतीवर कितीतरी घरांच्या चुली पेटतात. फुलाचा धंदा एका दिवसाचा. आज तोडलेले उद्या विकत नाही, आणि भाव पडला की झेंडूचे ढीग रस्त्याच्या कडेला टाकून शेतकरी रिकाम्या हाताने घरी जातो. अशा बाजारासमोर प्लास्टिकचे फूल आणून उभे केले आहे. ते एकदा घेतले की पन्नास लग्नांत भाड्याने फिरते. कृत्रिम फुलांवर बंदी आणा अशी मागणी फुलशेतकरी करतात ती त्यांच्या पोटातून आलेली आहे. सरकारने २०१८ साली थर्मोकोलच्या सजावटीवर बंदी घातली. पण सरकार प्रत्येकाच्या मांडवात येऊन बसू शकत नाही. तिथे यजमानाचीच सत्ता चालते.

पैशाबरोबर कचऱ्याचाही हिशेब मांडा. आधुनिक पुष्परचनेच्या पोटात एक हिरवी वीट दडलेली असते. दिसायला ती ओल्या शेवाळासारखी. असते मात्र रासायनिक राळेच्या फेसाची. १९५४ साली अमेरिकेत ती निघाली आणि जगभर पसरली. पाणी धरून ठेवते म्हणून सजावटवाल्यांना ती सोयीची. पण ती कुजत नाही; तिचा नुसता भुगा होतो, आणि तो भुगा तुम्ही ज्या निसर्गाच्या सान्निध्यात लग्न लावले त्याच नदीत, त्याच वाळूत उरतो. इंग्लंडातल्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२१ पासून आपल्या प्रदर्शनांतून ही वीट हद्दपार केली. आपल्याकडे केळीच्या खुंटाचा तुकडा हेच काम फुकटात करतो. देठ त्यात खोचा, दिवसभर ओलावा मिळतो, आणि दुसऱ्या दिवशी गुरांपुढे टाकला तर ती आवडीने खातात.

इथे दुसऱ्या बाजूच्या लोकांनाही दोन शब्द सुनावले पाहिजेत. माझे ऐकून कोणी उत्साही मंडळी उद्या कोयता घेऊन रानात शिरतील, झाडावरची सीतेची वेणी उपटतील, सड्यावरची फुले पोत्यांनी भरतील आणि म्हणतील, ‘‘पाहा, आम्ही स्थानिक फुले वापरली!’’ हा आणखी मोठा गुन्हा आहे. रानातले फूल हे पुढच्या वर्षाचे बी असते. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदा फुलते. तिचा बहर एका संध्याकाळच्या लग्नासाठी तोडणारा तिची आठ वर्षे तोडतो. साताऱ्याजवळच्या कासच्या पठाराला २०१२ साली जागतिक वारशाचा मान मिळाला तो तिथली फुले तिथेच उभी राहिली म्हणून. मांडवात आणायचे ते बागेतले, परसातले, शेतातले. रानातले आहे तिथेच पाहायचे. उलट्या बाजूने, शोभेसाठी म्हणून परदेशातून आणलेले काय करू शकते तेही विसरू नये. रानोरान माजलेली घाणेरी आणि नद्या गिळणारी जलपर्णी, या दोघीही आपल्याकडे शोभेची झाडे म्हणूनच आल्या होत्या.

सजावटवाल्यांना मी सगळा दोष देत नाही. ते म्हणतात, ‘‘गिऱ्हाईक चित्र दाखवते, आम्ही तसे करून देतो.’’ खरे आहे. चित्र कोणा परदेशी बागेतले असते, जिथे जून महिन्यातही ऊन कोवळे आणि हवा गार. ते चित्र मे महिन्यातल्या रायगड जिल्ह्यात उतरवायचे म्हणजे बर्फाची गादी तव्यावर अंथरायची. पण त्याहून खोल दुखणे वेगळेच आहे. आपल्या परसातले आपल्याला स्वस्त वाटते, आणि स्वस्त ते हलके असा आपला समज झाला आहे. विहीणबाईंना अबोलीचा गजरा दिला तर त्या काय म्हणतील, ही भीती आहे. ही भीती ज्या घरात शिरते त्या घरात ऋण काढून सण होतो, आणि मुलीच्या बापाच्या डोक्यावर फुलांच्या भिंतीचे हप्ते मांडवपरतणे झाल्यावरही राहतात. फुलासारखी हलकी वस्तू माणसाला इतकी जड व्हावी!

म्हणून ज्यांच्या घरी यंदा कार्य निघणार आहे त्यांना माझी एवढीच विनंती. सजावटवाल्याकडे जाण्याआधी त्या जागेवर जा. आणि ज्या घटकेचा मुहूर्त असेल त्याच घटकेला जा. बरोबर घरातली आजी घ्या आणि तिथला माळी घ्या. ऊन कुठून येते, वारा कुठला, कोणते झाड त्या महिन्यात फुलते, जवळच्या गावात फुले कोण पिकवतो, एवढे त्यांना विचारा. मग जे कमी पडेल तेवढेच विकत आणा. पुष्कळदा असे आढळेल की केळीचे चार खांब, आंब्याचे एक तोरण, बोहल्याभोवती रंग आणि हातात मोगरा, याहून जास्त काही कमी पडतच नव्हते. उरलेल्या पैशांत हार करणाऱ्या बाईला तिच्या कामाचा पुरेपूर दाम द्या, आणि नवरानवरीच्या हातून त्या जागेत एक ताम्हण लावून घ्या. तो फुलेल तेव्हा लग्नाचा वाढदिवस पाहायला तिथे जाता येईल.