शारजाचा धावफलक



आपल्या घरांत खेळाच्या दोन भाषा चालतात. आजी-आजोबांची क्रिकेटची आणि नातवंडांची बास्केटबॉलची. एकमेकांचे एकमेकांना कळत नाही, आणि टीव्हीच्या रिमोटवरून भांडण होते ते वेगळेच. म्हणून ह्या वेळी दोन्ही खेळांतले थोडे आकडे घेऊन बसू या.

मुलांनो, आधी तुमचे. २ मार्च १९६२ रोजी अमेरिकेतल्या हर्शी गावात विल्ट चेंबरलेन ह्या उंच्यापुऱ्या गड्याने एका सामन्यात एकट्याने १०० गुण केले. तो फिलाडेल्फिया वॉरियर्सचा, समोर न्यूयॉर्क निक्स. सामन्याचे टीव्ही-चित्रण झाले नव्हते, त्यामुळे कोणी काय केले ते आकड्यांच्या कागदावरच बघायचे. ३६ बास्केट, प्रत्येकी २ गुण, आणि फ्री थ्रो २८. करा बेरीज! त्या वेळी एनबीएत ३ गुणांची बास्केट नव्हतीच. वॉरियर्स १६९-१४७ असे जिंकले. सर्वांत मोठा आकडा ज्याचा, त्याचाच संघ विजयी. हिशेब सरळ.

पण आकडे नेहमी इतके सरळ वागत नाहीत बरं का. त्यासाठी संयुक्त अरब अमिरातीत, शारजाला जायला हवे.

शारजा म्हणजे दुबईच्या शेजारची अमिरात. तिथले व्यापारी अब्दुल रहमान बुखातिर कराचीत शिकले आणि क्रिकेटचे वेड घेऊन घरी परतले. त्यांनी वाळवंटात हिरवे मैदान उभे केले. १९८४ मध्ये तिथे पहिला आंतरराष्ट्रीय एकदिवसीय सामना झाला. त्या स्पर्धांतून भारत-पाकिस्तानच्या जुन्या खेळाडूंना पैशांची थैलीही मिळे. ज्यांच्या काळात क्रिकेट खेळून पोट भरत नव्हते, त्यांना तो मोठाच आधार होता.

२२ मार्च १९८५. वार शुक्रवार, म्हणजे त्या वेळचा तिथला सुट्टीचा दिवस. भारत विरुद्ध पाकिस्तान. कपिल देवचा संघ जेमतेम दोन आठवड्यांपूर्वी मेलबर्नला ह्याच पाकिस्तानला अंतिम सामन्यात हरवून आलेला. रवी शास्त्रीने तिथे बक्षिसात ऑडी मोटार पटकावलेली. सगळे कसे खुशीत!

आणि मग चेंडू इम्रान खानच्या हातात गेला. आपल्या मुंबईच्या तिघांचे आकडे वाचा: शास्त्री ०, वेंगसरकर १, गावसकर २. अंकलिपीच जणू. अझरुद्दीनने ४७ आणि कपिलने ३० काढल्या म्हणून भारत कसाबसा १२५ पर्यंत पोचला. ५० षटकेसुद्धा पुरी खेळता आली नाहीत. इम्रानचे पृथक्करण १०-२-१४-६. मुलांनो, हे असे वाचायचे: १० षटके टाकली, त्यांतली २ निर्धाव, म्हणजे त्यांत एकही धाव नाही. सगळ्या मिळून धावा दिल्या १४ आणि बळी घेतले ६. ह्याहून चांगली गोलंदाजी एकदिवसीय सामन्यात इम्रानने कधी केली नाही.

१२५ धावा म्हणजे काहीच नाही. पाकिस्तानला ५० षटकांत १२६ हव्या होत्या, षटकाला जेमतेम अडीच.

पाकिस्तान सर्वबाद ८७! भारत ३८ धावांनी विजयी. त्यांच्यात सर्वांत जास्त धावा रमीझ राजाच्या, २९. कर्णधार जावेद मियाँदाद शून्य. ज्याने भारताला रडवले तो इम्रानही शून्य. सामनावीर मात्र इम्रानच ठरला, हरलेल्या संघाचा. दिला त्यात चूक काही नाही, ६ बळी म्हणजे थट्टा नव्हे.

मग भारताला जिंकून कोणी दिले? गोलंदाजांच्या रकान्यात शोधलेत तर कुणाचाच मोठा आकडा सापडणार नाही. कपिलचे ३, शास्त्रीचे २, शिवरामकृष्णनचे २. थोडे थोडे सगळ्यांचे. आता मराठी वर्तमानपत्रांतला जुना धावफलक आठवा. नावापुढे बारीक अक्षरांत ‘झे.’ आणि ‘गो.’ असायचे. ‘झे.’ म्हणजे झेल कोणी घेतला, ‘गो.’ म्हणजे गोलंदाज कोण. त्या ‘झे.’च्या पुढे त्या दिवशी एकच नाव ४ वेळा होते: गावसकर. मियाँदादचा झेलही त्याचाच.

बॅटने २ धावा, हाताने ४ गडी. पण २ हा आकडा त्याच्या नावासमोर ठळक छापला जातो, आणि ४ हा आकडा कुठेच छापलेला नसतो. तो ज्याचा त्याने बोट फिरवून मोजायचा. मला ही क्रिकेटच्या धावफलकाची मोठीच उणीव वाटते. कसोटीत गावसकरच्या १०,१२२ धावा झाल्या हे आमच्या पिढीतले झोपेतही सांगतील. त्याने १०८ झेलही घेतले, आणि यष्टिरक्षक सोडून झेलांची शंभरी गाठणारा तो पहिला भारतीय, हे किती जणांना ठाऊक असते?

ह्या बाबतीत नातवंडांचा खेळ जास्त न्यायी आहे, हे आजोबांनी कबूल करावे. चेंबरलेनच्या त्या कागदाकडे पुन्हा बघा. १०० च्या खाली, त्याच संघातला गाय रॉजर्स दिसतो. त्याच्या नावासमोर असिस्टच्या रकान्यात २० लिहिलेले आहेत, म्हणजे त्याने दिलेल्या पासवर साथीदारांनी २० वेळा बास्केट केले. ज्याने चेंडू हातात आणून दिला त्यालाही बास्केटबॉलमध्ये स्वतःचा रकाना मिळतो.

शारजातल्या त्या स्पर्धेत इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाही होते. २९ मार्चला अंतिम सामन्यात भारताने ऑस्ट्रेलियाला ३ गडी राखून हरवले आणि कप कपिलच्या हाती आला. तो धावफलक घरात कुणी कापून ठेवला असेल तर आजोबांनी चष्मा लावून नातवंडांना वाचून दाखवावा. ‘झे.’ आणि ‘गो.’सकट.